अल्पकालीन अन्नसंकोच आणि देहभार : जुन्नर-आंबेगाव परिसराच्या इतिहासातील पुरावा

नाणेघाटाच्या माथ्यावरील लेण्यात कोरलेला सातवाहनकालीन प्राकृत लेख आजवर प्रामुख्याने यज्ञांच्या आणि दक्षिणांच्या नोंदीसाठी अभ्यासला गेला आहे. अश्वमेध, राजसूय, गाई, हत्ती, कार्षापणे यांची ती लांबलचक यादी राजकीय व आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने मोलाची आहे यात शंका नाही. तथापि त्याच लेखात ज्या राणीचा निर्देश आहे, तिला लावलेल्या विशेषणांपैकी एकाकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. ती राणी 'मासोपवासिनी', म्हणजे महिनाभर उपवास करणारी होती, असे लेख सांगतो. ही राणी नागनिका असावी असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि लेखाचा काळ सामान्यतः इसवी सनापूर्वीचे पहिले शतक असा धरला जातो. जुन्नर परिसरात ठराविक मुदतीपुरता अन्नत्याग करण्याची चाल किती जुनी आहे, याचे हे शिलागत प्रमाण होय. या विशेषणाच्या शेजारीच घरात राहून तापसीचे जीवन जगणे व ब्रह्मचर्य पाळणे यांचा उल्लेख येतो. त्यावरून उपवासाचा हेतूही स्पष्ट होतो. उपवासाने देह किती उतरला हे नोंदविण्याचे लेख कोरविणाऱ्यांना काहीच कारण नव्हते.

आज हाच व्यवहार निराळ्या हेतूने केला जातो. दोन, चार किंवा आठ आठवडे अत्यल्प आहार घ्यावयाचा, त्या अवधीत वजन झपाट्याने उतरवावयाचे आणि मग पूर्ववत् जीवनक्रम चालू करावयाचा, अशी ही रीत आहे. वजन उतरते हे निर्विवाद आहे. वादाचा मुद्दा एवढाच की, उतरलेले वजन उतरलेलेच राहते काय? हा प्रश्न वैद्यकाचा असल्याने इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात पडू नये, असा आक्षेप घेता येईल. परंतु जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांत अन्नाचा अल्पकालीन आणि तीव्र संकोच ही काही नवी गोष्ट नाही. पश्चिमेकडील डोंगरी गावांत तो पिढ्यानुपिढ्या दरसाल घडत आला; पूर्वेकडील मैदानी गावांत तो अवर्षणाच्या साली घडला; आणि व्रतांच्या रूपाने तो दोन्हीकडे लोकांनी स्वखुशीने पत्करला. प्रयोगशाळेत जे मुद्दाम घडवून आणावे लागते, ते येथे ऋतुमानाने आणि लोकाचाराने वारंवार घडविले आहे. म्हणून या प्रश्नाची तपासणी येथून सुरू करणे अप्रस्तुत ठरू नये.

या प्रदेशाची रचना थोडक्यात ध्यानात घेतली पाहिजे. सह्याद्रीच्या कण्यापासून पूर्वेकडे उतरत जाणाऱ्या कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या खोऱ्यांत हे तालुके पसरलेले आहेत. पश्चिम टोकास पाऊस अतोनात पडतो. तेथे खाचरांत भात आणि डोंगरउतारावर नाचणी, वरी ही पिके निघतात, आणि वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची आहे. पूर्वेकडे तीस-चाळीस मैलांच्या आत पावसाचे मान इतके घटते की, बाजरी आणि ज्वारी हीच पूर्वापार पिके होत. घाटमाथ्यावरचे धान्य कार्तिक-मार्गशीर्षात घरात येते आणि लहान शेतकऱ्याच्या घरी ते वैशाख-ज्येष्ठापर्यंत कसेबसे पुरते. त्यानंतर आषाढ, श्रावण व भाद्रपद हे तीन महिने येतात. नांगरणी, चिखलणी, लावणी अशी वर्षातील सर्वांत कष्टाची कामे याच महिन्यांत असतात, आणि कणगी रिकामी होण्याची वेळही हीच असते. खाणे कमी आणि श्रम अधिक हा योग येथे कोणाच्या सल्ल्याने नव्हे, तर पंचांगाने जुळून येतो.

या तीन महिन्यांच्या निर्वाहासाठी जे धान्य उसने किंवा कर्जाऊ घ्यावे लागे त्याला 'खावटी' असा शब्द आहे. पुढे शासनानेही आदिवासी क्षेत्रातील कर्जयोजनेला हेच नाव दिले. ज्या टंचाईसाठी भाषेत स्वतंत्र नाम रूढ होते, ती टंचाई अपवादात्मक नसते. खावटीच्या व्यवहारातील सावकाराचे स्थान सर्वांना परिचित आहे. आंबेगाव भागातील जांभोरीचा होन्या केंगले याने १८७३ ते १८७६ या काळात सावकारांविरुद्ध जे बंड केले, त्याच्या मुळाशी कर्जाचा हाच जाच होता. सुपे येथे १२ मे १८७५ रोजी भडकलेला दंगा हा दख्खनच्या दंग्यांचा आरंभ म्हणून सांगितला जातो, आणि त्यामुळे डोंगरी भागातील त्याआधीच्या या उठावाकडे अभ्यासकांचे काहीसे दुर्लक्ष झाले आहे. तो विषय वेगळा असला, तरी पावसाळी भूक ही या भागातील राजकीय घटनांची जननी होती, एवढे येथे नमूद केले पाहिजे.

मग या भुकेने शरीरांचे काय होत असे? येथे साधनांची अडचण उभी राहते. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये धान्याचे भाव, जमिनीचा सारा, सावकारीचे दर, दुष्काळातील कामांवरील मजुरांचे आकडे हे सर्व आढळते. परंतु माणसाचे वजन आढळत नाही. एकोणिसाव्या शतकातील प्रशासनाने ज्यांची वजने नियमाने घेतली, असा हिंदुस्थानातील मोठा वर्ग म्हणजे तुरुंगातील कैदी. स्वतंत्र शेतकऱ्याचे वजन घेण्याची गरज कोणाला भासली नाही. ही उणीव आधुनिक संशोधनाने अंशतः भरून निघते. पश्चिम आफ्रिकेतील गॅम्बिया देशाच्या केनेबा या गावी ब्रिटिश संशोधकांनी दीर्घकाळ केलेल्या नोंदींत असे दिसले की, पावसाळी टंचाईच्या महिन्यांत स्त्रियांचे वजन काही किलोंनी घटते आणि सुगीनंतर ते भरून येते. हे चक्र वर्षानुवर्षे चालते. पुण्यालगतच्या सहा खेड्यांत १९९०च्या दशकात सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासातही गर्भवतींचा आहार आणि श्रम ऋतुमानाप्रमाणे बदलतात व त्यांचा परिणाम बालकाच्या जन्मवेळच्या आकारमानावर दिसतो, असे आढळून आले. ही खेडी जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यातील नव्हेत. तथापि शेतीच्या हंगामाशी बांधलेले शरीर कसे वागते, याविषयी त्यांची साक्ष उपयोगी आहे.

या चक्रातील महत्त्वाची गोष्ट अशी की, दरसाल तीन महिने आहार घटत असूनही घट साठत जात नाही. दहा पावसाळ्यांनंतर शरीर दहापट हलके झालेले नसते. सुगी आली की उणे झालेले भरून निघते, आणि हे भरून निघणे माणसाच्या निग्रहावर अवलंबून नसते. नवे धान्य घरात आले म्हणजे भूक आपोआप वाढते, श्रम कमी होतात, आणि शरीर आपला पूर्वीचा भार गाठते.

दुष्काळाचा पुरावा याहून कठोर आहे. १६३० ते १६३२ या शिवजन्माच्या आगेमागेच्या वर्षांत दख्खन व गुजरात यांवर कोसळलेला दुष्काळ सर्वज्ञात आहे. परंतु त्याविषयीची वर्णने मृत्यूंची आहेत, जगलेल्यांच्या शरीरांची नाहीत. १८७६-७७ च्या दुष्काळात मात्र किती अन्नावर माणूस जगू शकतो, हा प्रश्न प्रथमच सरकारी कागदांत उघडपणे वादाचा विषय झाला. दुष्काळी व्यवस्थेच्या पाहणीसाठी नेमलेले सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ च्या प्रारंभी काटकसरीसाठी मजुरी उतरवून दिवसाला एक रत्तल धान्य व वर किरकोळ रोकड एवढ्यावर आणण्याचा पुरस्कार केला. मद्रास इलाख्याचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी वैद्यकाच्या आधारे त्याला कसून विरोध केला. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. हा वाद आजच्या वाचकाला एका कारणाने बोधप्रद वाटेल. अन्न मोजून कमी केले म्हणजे शरीर त्याच प्रमाणात निमूटपणे जुळवून घेते, ही टेंपल यांची कल्पना हिशेबनिसाची होती. कॉर्निश यांचे म्हणणे असे की, शरीर ही वखार नव्हे. श्रम करणाऱ्या देहाला इतके कमी अन्न देणे म्हणजे त्याची झीज ओढवून घेणे होय, हा त्यांच्या आक्षेपाचा आशय पुढील शतकातील शरीरशास्त्राने खरा ठरविला. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्र शासनाने रोजगाराच्या कामांबरोबर 'सुकडी' वाटली, त्यामागे हा दीर्घ अनुभव उभा होता.

स्वेच्छेने केलेल्या अन्नत्यागाचा विचार आता करावयास हवा, कारण आजच्या अल्पाहाराचे खरे सोदर तेच आहे. जुन्नर तालुक्यात लेण्याद्री व ओझर ही अष्टविनायकांतील दोन स्थाने असल्याने संकष्टी व अंगारकी यांचे माहात्म्य येथे विशेष आहे. भीमाशंकराकडे जाणारा घोडेगावचा रस्ता श्रावणी सोमवारी गजबजलेला असतो. एकादशी, चातुर्मास, नवरात्र ही सर्वत्रच पाळली जातात. वर्षाचा हिशेब मांडला तर श्रद्धाळू घरातील स्त्रीचे कितीतरी दिवस उपवासाचे भरतात. या उपवासांनी कोणाचे वजन कायमचे घटल्याचा अनुभव समाजाला असता, तर तो म्हणींत उतरल्यावाचून राहिला नसता. प्रत्यक्षात म्हणीत उतरले ते उलट : 'एकादशी आणि दुप्पट खाशी'. ही म्हण दांभिकपणावरील टोमणा म्हणून वापरली जाते. पण तिच्यात शरीरव्यवहाराचे एक अचूक निरीक्षणही आहे. अन्न रोखले की त्याची भरपाई करण्याची ओढ लागते.

उपवासाच्या ताटाचा इतिहास या संदर्भात मनोरंजक आहे. साबूदाणा, शेंगदाणे, बटाटा, रताळे आणि त्यांवरची हिरवी मिरची हे सारे पदार्थ मूळच्या अमेरिका खंडातील वनस्पतींपासून आलेले आहेत आणि पोर्तुगीजांच्या आगमनानंतरच हिंदुस्थानात रुजले. भारतात साबूदाणा ज्या कंदापासून होतो त्याचा धंदा तमिळनाडूतील सेलमच्या परिसरात विसाव्या शतकाच्या मध्यास वाढला. जुन्या धान्यांपैकी उपवासाला चालणारे म्हणून उरते ती वरी, आणि ती घाटमाथ्यावरील गरिबाचे रोजचे अन्न होती. शास्त्राने निषिद्ध मानलेल्या धान्यांच्या यादीत नव्या कंदांची नावे नसल्याने त्यांना मुभा मिळाली, असे दिसते. परिणाम असा की, तुपात परतलेली शेंगदाण्याच्या कुटाची खिचडी ही अनेकदा भाकरी-भाजीहून अधिक उष्मांक देते. आंबेगावातील सातगाव पठार बटाट्याच्या पिकासाठी प्रसिद्ध आहे, आणि उपवासाच्या दिवसांत त्या बटाट्याला मागणी असते, हेही या कथेतील एक उपकथानक होय. नागनिकेच्या मासोपवासापासून हा उपवास पुष्कळ दूर आलेला आहे. चंद्रोदयानंतर मासवडीचे जेवण असेल, तर संकष्टीची जमाखर्चाची वही मिटते आणि काहीच शिल्लक राहत नाही.

जुन्या वैद्यकाने मात्र स्थौल्याचा विचार व्रतापासून वेगळा ठेवला होता, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अष्टौनिन्दितीय अध्यायात अतिस्थूल व अतिकृश या दोघांचाही विचार आहे. अतिस्थूलाची भूक व तहान तीव्र असते असे सांगून, त्याला पचावयास जड परंतु पोषण कमी देणारे अन्न द्यावे, असा उपाय तेथे सुचविला आहे. पोट रिकामे ठेवण्याऐवजी ते भरलेले ठेवून पोषण घटवावे, असा त्याचा रोख आहे. व्यायाम, जागरण इत्यादी उपायही क्रमाक्रमाने वाढवीत न्यावेत असे तो सांगतो. आयुर्वेदात सर्वच सांगून ठेवले आहे असे म्हणण्याची आपल्याकडे जी हौस आहे, तिला येथे थारा देण्याचे कारण नाही. तरीपण भुकेच्या तीव्रतेला उपचाराच्या केंद्रस्थानी आणणे ही विचाराची दिशा योग्य होती, हे मान्य करावे लागते.

पुणे जिल्ह्यात उपवासाला आरोग्योपचाराचे आधुनिक रूप मिळाले ते निसर्गोपचाराच्या चळवळीतून. डॉ. दिनशा मेहता यांच्या पुण्यातील निसर्गोपचार-गृहात गांधीजींचे वास्तव्य होते, आणि मार्च १९४६ मध्ये त्यांनी उरुळी कांचन येथे ग्रामीण जनतेसाठी अशाच उपचारांचे केंद्र सुरू केले. मणिभाई देसाई यांनी पुढे ते वाढविले. स्वतः गांधीजींनी पुण्यात मे १९३३ मध्ये आणि आगाखान राजवाड्यात १० फेब्रुवारी ते ३ मार्च १९४३ या काळात एकवीस-एकवीस दिवसांचे उपवास केले. या उपवासांच्या वेळी डॉक्टरांनी त्यांची प्रकृती रोजच्या रोज तपासली, ती प्राण वाचविण्यासाठी. लोकमानसावर मात्र असा एक संस्कार राहिला की, दीर्घ उपवासाने शरीर 'शुद्ध' होऊन नवे होते. आजच्या अल्पमुदती आहारांच्या जाहिरातींत शुद्धीची जी भाषा येते तिचा एक धागा येथपर्यंत मागे नेता येतो.

आता प्रयोगसिद्ध ज्ञानाकडे वळू गेल्यास, इतिहासातून जे अंधुक दिसते ते तेथे स्पष्ट होते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांवर प्रयोग केला. युद्धोत्तर युरोपातील उपासमारग्रस्तांना पुन्हा कसे पोसावे हे ठरविण्यासाठी तो योजला होता. चोवीस आठवडे त्यांना सुमारे निम्म्या आहारावर ठेवण्यात आले व त्यांचे वजन जवळजवळ चतुर्थांशाने घटले. या काळात त्यांच्या शरीराचा विश्रांतीतील ऊर्जाव्यय पुष्कळ उतरला, थंडी सोसेनाशी झाली, आणि मनात अन्नाखेरीज दुसरा विषय राहिला नाही. पुन्हा मनसोक्त खाण्याची मुभा मिळाल्यावर कित्येकांची भूक पोट भरूनही शमेना, आणि काही काळ शरीरातील चरबी मूळ प्रमाणाच्याही पलीकडे गेली. हे तरुण स्थूल नव्हते, ही मर्यादा लक्षात ठेवूनही, घाटमाथ्यावरील आषाढ आणि मार्गशीर्ष यांचे हे जणू मोजून काढलेले चित्र आहे.

पहिल्या आठवड्यात वजन झपाट्याने उतरते याचेही कारण आता समजले आहे. यकृत व स्नायू यांत साठविलेली शर्करा साधारणतः अर्ध्या किलोच्या आत असते. पण तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. आहार तोडला की हा साठा प्रथम संपतो आणि त्याच्याबरोबर पाणीही जाते. काट्यावर दीड-दोन किलो कमी दिसतात, परंतु चरबी फारशी हललेली नसते. भात-भाकरी पुन्हा सुरू होताच तेवढे वजन दोन-तीन दिवसांत परत येते. अल्पमुदती आहारांची कीर्ती बव्हंशी या पाण्यावर तरंगते. त्यापुढे चरबी जाऊ लागते, पण स्नायूही झिजतात. आणि तृप्तीचे संकेत देणारी द्रव्ये घटून भुकेची द्रव्ये वाढतात. ऑस्ट्रेलियात ५० व्यक्तींना दहा आठवडे अत्यल्प आहार देऊन केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वर्षभरानंतरही ही द्रव्ये पूर्वस्थितीवर आली नव्हती आणि भूक वाढलेलीच होती. अमेरिकेतील वजन घटविण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी झाली. त्यांनी सरासरी ५८ किलो वजन गमावले होते, त्यांपैकी सुमारे ४१ किलो परत आले होते. आणि त्यांचा विश्रांतीतील ऊर्जाव्यय अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० उष्मांकांनी कमीच राहिला होता. वजन पुन्हा वाढले म्हणून ज्याला आळशी वा अधाशी ठरविले जाते, त्याच्याविरुद्ध त्याचेच शरीर अहोरात्र काम करीत असते. नैतिक दोषारोप येथे अस्थानी आहे.

तथापि या पुराव्यावरून 'जलद उतरलेले तेवढे परत येते, हळू उतरलेले टिकते' असा जो लोकप्रिय निष्कर्ष काढला जातो, तो मात्र टिकत नाही. मेलबर्न येथे २०० स्थूल व्यक्तींचे दोन गट करून एकाचे वजन बारा आठवड्यांत व दुसऱ्याचे छत्तीस आठवड्यांत उतरविण्याचा प्रयत्न झाला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे, ठरविलेले उद्दिष्ट जलद गटातील ८१ टक्के लोकांनी गाठले, तर सावकाश गटातील ५० टक्क्यांनी. आणि पुढील सुमारे तीन वर्षांत दोन्ही गटांनी गमावलेल्या वजनापैकी सारखेच, म्हणजे सुमारे ७१ टक्के, परत मिळविले. दोष वेगात नाही. मुदत संपल्यावर काय घडते त्यात आहे. ब्रिटनमधील मधुमेहींवरील प्रयोगात तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे साडेआठशे उष्मांकांचा आहार देऊन नंतर दीर्घकाळ देखरेख ठेवण्यात आली. एका वर्षानंतर ४६ टक्के आणि दोन वर्षांनंतर ३६ टक्के रुग्णांचा मधुमेह औषधांवाचून ओसरलेला आढळला. पाच वर्षांपर्यंत ज्यांना साहाय्य मिळत राहिले त्यांचे वजन सरासरी सहा किलोंनी कमी राहिले होते. पण मधुमेह ओसरलेलाच राहिलेल्यांचे प्रमाण त्यांच्यात १३ टक्क्यांवर आले होते. म्हणजे कठोर अल्पाहार हा वैद्यांच्या हाती, निवडक रुग्णांसाठी, एका दीर्घ व्यवस्थेचा पहिला टप्पा म्हणून उपयोगी ठरू शकतो. तोच टप्पा सुटा काढून विकला जातो तेव्हा अनर्थ होतो. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत केवळ द्रवरूप प्रथिनांवर राहण्याचे जे वेड पसरले होते, त्यात सुमारे ६० मृत्यू नोंदले गेले. पित्ताशयातील खडे हा तर झपाट्याने वजन उतरविण्याचा नेहमीचा उपद्रव आहे. इन्शुलिन किंवा तत्सम औषधे घेणाऱ्या मधुमेहीने परस्पर उपास आरंभणे हे तर उघड धोक्याचे आहे.

महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी प्रचारात आणलेल्या, दिवसातून दोनच वेळा जेवण्याच्या पद्धतीची गणना पुष्कळदा या झटपट आहारांतच केली जाते. ते यथार्थ नाही. तिच्या गुणदोषांविषयी आहारतज्ज्ञांत मतभेद आहेत. पण ती मुदतीची नव्हे, कायमची दिनचर्या म्हणून मांडली गेली आहे. तिची परीक्षा वेगळ्या कसोटीवर व्हावयास हवी.

उपासमार आणि स्वेच्छेचा अल्पाहार यांची तुलना कोठे थांबवावी, हे सांगणे आवश्यक आहे. खावटीसाठी सावकाराच्या दारी उभे राहणाऱ्याची भूक आणि आरशापुढे उभे राहणाऱ्याची भूक यांना एका पंक्तीत बसविणे हा पहिल्याचा अवमान होय. शरीरदृष्ट्याही दोघांत भेद आहे. स्थूल देहाजवळ चरबीचा साठा असतो, कृश देहाला स्नायू जाळावे लागतात. परंतु भेदाची रेषा या प्रदेशात वाटते तितकी सरळ नाही. वर उल्लेखिलेल्या पुण्याच्या अभ्यासातून डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, येथील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा वजनाने पुष्कळ हलकी असली, तरी त्यांच्या देहातील चरबी त्या मानाने कमी नसते. घट मुख्यतः स्नायू व अवयव यांत असते. कृश दिसणारा देह आतून स्थूल असू शकतो. पिढ्यानुपिढ्यांच्या पावसाळी भुकेचा हा वारसा असावा, असा तर्क आकर्षक आहे. मात्र कारणपरंपरा अद्याप वादग्रस्त असल्याने तो तर्कच मानणे इष्ट. असा देह उपवास करून स्नायू आणखी गमावतो आणि नंतर चरबी भरून काढतो, तेव्हा वजनाचा काटा पूर्वस्थानी आला तरी शरीर पूर्वीचे राहत नाही.

मग या तालुक्यांत देहभार कायमचा बदलला तो कशाने? १९६० च्या दशकानंतर हाती घेतलेल्या कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे ही पाच धरणे याच दोन तालुक्यांत झाली. जुने आंबेगाव हे गाव डिंभ्याच्या जलाशयाखाली गेले. त्याच्या नावाचा तालुका तेवढा उरला. कालव्यांखालच्या पूर्वेकडील गावांत बाजरीच्या जागी ऊस, कांदा, टोमॅटो व द्राक्षे आली. नारायणगाव व मंचर या मोठ्या बाजारपेठा झाल्या, साखर कारखाने उभे राहिले, मोटेची जागा पंपाने आणि पायवाटेची जागा मोटारसायकलने घेतली. खाणे वाढले आणि श्रम घटले ते कोणा एका महिन्यापुरते नव्हे, तर कायमचे. म्हणून वजनही कायमचे वाढले. जे वजन अन्न, श्रम, बाजार व वाहतूक यांच्या बदललेल्या व्यवस्थेने अंगावर चढविले, ते तीन आठवड्यांच्या काकडी-ताकाने उतरून तसेच राहावे, ही अपेक्षा कार्यकारणभावाला धरून नाही. दरम्यान, ज्यांच्या जमिनी जलाशयात गेल्या त्या वरच्या खोऱ्यांत खावटीचा शब्द वापरातून गेलेला नाही. २०१९ ते २०२१ या वर्षांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील स्त्रियांपैकी साधारण पाचवा हिस्सा प्रमाणाबाहेर कृश आणि त्याहून थोडा अधिक हिस्सा अतिवजनी आढळला. हे राज्याचे चित्र एका घोड नदीच्या खोऱ्यात उगमापासून खाली येताना पाहावयास मिळते.

या विषयाच्या पुढील अभ्यासासाठी साधने आता पूर्वीइतकी दुर्मिळ नाहीत. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाल्यापासून, ती जसजशी पसरली तसतशी, अंगणवाडीतून बालकांच्या वजनांची नोंद होऊ लागली. ग्रामीण रुग्णालये व आश्रमशाळा यांच्या दप्तरांतही अशी सामग्री असणे संभवनीय आहे. घाटमाथ्यावरील व कालव्याखालील गावांच्या अशा नोंदी महिनावार लावून पाहिल्यास, पावसाळी घट आणि सुगीची भर यांतील अंतर गेल्या पन्नास वर्षांत कमी झाले काय, हे प्रत्यक्ष आकड्यांनी ठरविता येईल. मात्र या नोंदवह्या मुख्यतः बालके व गर्भवती यांच्या आहेत; लावणीच्या चिखलात उभ्या असलेल्या पुरुषाचे आणि वय झालेल्या स्त्रीचे वजन त्यांत सापडणार नाही.